जुन्या क्लबात परतलेला डिफेंडर: ग्रॅहम अलेक्झांडरच्या प्रेस्टनमधल्या शेवटच्या हंगामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या खालच्या लीग पाहणाऱ्यांना दर उन्हाळ्यात एक बातमी हमखास वाचायला मिळते: अमुक डिफेंडर इतक्या वर्षांनी आपल्या जुन्या क्लबात परत. स्ट्रायकर परतला की प्रश्न एकच असतो, गोल किती करणार? डिफेंडरचं तसं नाही. त्याच्याबद्दल लोक बरंच काही विचारतात आणि त्यातलं निम्मं आकड्यांत सांगता येत नाही. म्हणून इथे एकच हंगाम धरून उत्तरं दिली आहेत: २०११-१२, क्लब प्रेस्टन नॉर्थ एंड, खेळाडू ग्रॅहम अलेक्झांडर.

खालची लीग म्हणजे नेमकी कुठली?

प्रीमियर लीगमध्ये २० संघ. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ संघांच्या. या तिन्ही लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात ४६ सामने खेळतो. तिसऱ्या पायरीपासून, म्हणजे लीग वनपासून खाली, लोक साधारणपणे ‘लोअर लीग’ म्हणतात. २०११ च्या उन्हाळ्यात प्रेस्टन चॅम्पियनशिपमधून घसरून नुकताच लीग वनमध्ये आला होता.

क्लब मात्र किरकोळ नव्हे. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या १२ क्लबांपैकी हा एक. पहिल्याच हंगामात २२ पैकी एकही सामना न हरता तो विजेता ठरला होता. डीपडेल मैदानावरच्या स्टँडना टॉम फिनी, बिल शँकली अशी नावं आहेत. अशा क्लबाचा चाहता तिसऱ्या पायरीवर आला की जुन्या ओळखीच्या चेहऱ्याची त्याला जरा जास्तच ओढ लागते.

अलेक्झांडर कोण? नाव फारसं ऐकलेलं नाही.

ऐकलेलं नसणारच. जन्म १९७१ चा, कॉव्हेंट्रीचा. सुरुवात स्कंथॉर्पला, मग ल्यूटन, मग १९९९ च्या मार्चमध्ये प्रेस्टन. खेळायचा राइट बॅक, म्हणजे मागच्या फळीत उजव्या कडेला. स्कॉटलंडकडून ४० आंतरराष्ट्रीय सामने. प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला २००९ मध्ये, तेव्हा वय ३७. कारकिर्दीत हजारावर व्यावसायिक सामने, आणि गोल? शंभरावर. बॅकच्या नावावर शंभर गोल कसे, असं कोणीही विचारेल. उत्तर आहे पेनल्टी आणि फ्री किक. पेनल्टी मिळाली की चेंडू कोणी उचलायचा यावर त्याच्या संघांत चर्चा होत नसे.

प्रेस्टनमधली पहिली खेळी साडेआठ वर्षांची. २००० मध्ये डेव्हिड मॉयसच्या हाताखाली संघ तिसऱ्या पायरीवरून वर गेला. पुढे प्रीमियर लीगच्या दारापर्यंत दोनदा जाऊन दोन्ही वेळा परत फिरला: २००१ चा प्ले-ऑफचा (वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठीच्या बाद फेरीचा) अंतिम सामना बोल्टनने ३-० ने जिंकला, २००५ चा वेस्ट हॅमने १-० ने.

मग त्याचं परतणं एवढं नाजूक का होतं?

कारण मधली चार वर्षं तो बर्नलीला होता.

प्रेस्टन आणि बर्नली ही लँकशरमधली गावं, एकमेकांपासून पस्तीसेक किलोमीटरवर. दोन्ही क्लब जुने, दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही. २००७ मध्ये अलेक्झांडर तिकडे गेला, आणि जे प्रेस्टनला दोनदा जमलं नव्हतं ते बर्नलीने २००९ मध्ये करून दाखवलं: वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला १-० ने हरवून प्रीमियर लीग गाठली. त्या संघात अलेक्झांडर होता. म्हणजे आपला माणूस, शेजाऱ्याच्या अंगणात, आपल्याच स्वप्नाच्या मांडवात बसलेला. हे सोसायला सोपं नसतं.

चाहते अशा खेळाडूला माफ करतात का?

स्ट्रायकरला लवकर करतात, दोन गोल केले की विषय संपला. डिफेंडरला ती सोय नाही. त्याचं चांगलं काम म्हणजे काहीतरी न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीला टाळ्या कोण वाजवणार? त्याची चूक मात्र थेट गोलफलकावर दिसते.

तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने असते. लोअर लीगमध्ये खेळाडू येतात-जातात फार, करार एक-दोन वर्षांचे असतात, आणि मे महिन्यात क्लब कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं याची यादी लावतो तेव्हा निम्मा संघ बदललेला असतो. अशा ठिकाणी ज्याने एकाच शर्टात साडेआठ वर्षं काढली त्याला लोक विसरत नाहीत. रागावतात, पण तो राग घरच्या माणसावरचा असतो.

परत आणताना क्लबला पैसे मोजावे लागतात का?

सहसा नाही. १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू मोकळा असतो, जुन्या क्लबला त्याच्यासाठी फी मागता येत नाही. बर्नलीने २०११ मध्ये अलेक्झांडरला करारातून मोकळं केलं आणि तो प्रेस्टनला आला. खर्च फक्त पगाराचा. घसरलेल्या क्लबाचं उत्पन्न एका रात्रीत आटतं, तेव्हा हे गणित महत्त्वाचं ठरतं.

लोनवर परतणं आणि कायमचं परतणं यात फरक काय?

लोनवरचा, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून काही काळापुरता उसना घेतलेला खेळाडू पाहुणा असतो. पहिल्यांदा येताना बहुतेक विशीतला पोरगा असतो आणि त्याचं लक्ष आपल्या मूळ क्लबाकडे असतं. दुसऱ्यांदा लोनवर आला तर एक तर तिथे त्याचं छान जमलं होतं, नाही तर दुसरीकडे कुठे जमलेलं नाही. कधीकधी लोनचं पुढे कायमच्या करारात रूपांतर होतं. मिलवॉलचा डिफेंडर टोनी क्रेग तिथल्याच युवा संघातून वर आला, २००७ मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला, वर्षभरातच लोनवर परतला आणि मग तिथलाच झाला. पुढे ब्रेंटफर्डला जाऊन २०१५ मध्ये पुन्हा मिलवॉलला. दोनदा जाऊन दोनदा परतणारे थोडेच.

चाळिशीला टेकलेल्या डिफेंडरला क्लब घेतोच कशाला? भावनेपोटी?

थोडी भावना असतेच, तिकीटविक्रीला ती उपयोगी पडते. पण खरं कारण वेगळं आहे.

घसरलेल्या संघाचा पहिला आजार म्हणजे मागची फळी एकमेकांशी बोलत नाही. चौघंही चांगले असतील, पण एक पुढे सरकतो, एक मागे राहतो, आणि मधल्या फटीतून समोरचा फॉरवर्ड निघून जातो. ऑफसाइडचा नियम (पास मारला जाताना फॉरवर्ड मागच्या फळीच्या पलीकडे उभा असेल तर त्याला चेंडू खेळता येत नाही) डिफेंडरच्या बाजूचा आहे, पण चौघांनी तो एकाच क्षणी वापरला तरच. तिघं पुढे आणि एक मागे राहिला की तो एकटा सगळ्यांना ऑनसाइड करतो. हे शिकवायला कोच असतो, पण कोच टचलाइनवर असतो आणि लीग वनच्या मैदानावरही सात-आठ हजार लोकांचा गोंगाट असतो. आत एक माणूस लागतो, जो चेंडू मारला जाण्याआधीच ओरडेल.

म्हणून माझं मत असं की म्हाताऱ्या डिफेंडरला क्लब त्याच्या पायांसाठी घेतच नाही. त्याच्या आवाजासाठी घेतो. आणि त्याचा हंगाम कसा गेला हे बघायचं असेल तर त्याच्याकडे कमी आणि त्याच्या शेजारच्या बावीस वर्षांच्या पोराकडे जास्त बघावं.

पण वेग नसेल तर तो टिकतो कसा?

जागेवर आधी पोचून. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून जरा उलगडून सांगतो.

समोरच्या संघाचा मिडफिल्डर चेंडू घेऊन वर बघतोय. तरुण डिफेंडर चेंडूकडे बघत असतो. मुरलेला डिफेंडर दोन-तीन सेकंदांत तीनदा मान वळवतो: चेंडू, आपला माणूस, मागची मोकळी जागा, पुन्हा चेंडू. अंग सरळ नाही, तिरकं, एक खांदा स्वतःच्या गोलकडे. का? सरळ उभा राहिला तर मागे धावायला आधी पूर्ण वळावं लागतं आणि त्यात एक पाऊल जातं. तिरका उभा असेल तर ते पाऊल वाचतं. त्याच वेळी एक हात फॉरवर्डच्या पाठीला हलका टेकलेला. ढकलत नाही, फक्त तो कुठे आहे याची खबर ठेवतो. मान वळवायची गरजच नको. मिडफिल्डरची नजर खाली चेंडूवर गेली, म्हणजे आता मारणार, की हा दोन यार्ड मागे. चेंडू येतो तेव्हा तो आधीच तिथे असतो. बघणाऱ्याला वाटतं, पास चुकला.

टीव्हीवर यातलं काहीच दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार. कॅमेरा चेंडूमागे पळतो. मैदानात जाऊन बघणाऱ्याला मात्र पाचव्या मिनिटाला कळतं की मागे कोण मालक आहे.

जिथे हे चालत नाही तेही सांगितलं पाहिजे. फुल बॅकला, म्हणजे कडेच्या डिफेंडरला, मोकळ्या बाजूला कडेने धावणाऱ्या वेगवान विंगरसमोर एकटं सोडलं तर अनुभव तिथे काही करू शकत नाही. म्हणूनच वय झालेले फुल बॅक आत सरकतात, सेंटर बॅकला (मागच्या फळीच्या मधोमध) किंवा मिडफिल्डला. अलेक्झांडरही बर्नलीला बहुतांश मिडफिल्डमध्येच खेळला.

२०११-१२ मध्ये प्रेस्टनचं प्रत्यक्षात झालं काय?

फारसं चांगलं नाही. हंगाम सुरू झाला तेव्हा मॅनेजर होता फिल ब्राउन, आणि पहिल्या झटक्यात वर जायची आशा होती. ऑक्टोबरमध्ये अलेक्झांडर चाळीस वर्षांचा झाला. डिसेंबरमध्ये ब्राउनला काढलं आणि संघाची जबाबदारी आली दोघांकडे: कोच डेव्हिड अन्सवर्थ आणि खेळाडू ग्रॅहम अलेक्झांडर. जानेवारीत स्टीव्हनेजहून ग्रॅहम वेस्टली मॅनेजर म्हणून आला. हंगामाच्या शेवटी प्रेस्टन पंधराव्या स्थानावर. वर जायची बात नाही, खाली घसरायचीही भीती नाही. गुणतक्त्याच्या मधोमध अडकलेल्या संघाचा वसंत फार लांबतो.

म्हणजे त्या एका हंगामात त्याच्या वाट्याला तीन भूमिका आल्या. आधी परतलेला जुना खेळाडू, मग काही आठवडे स्वतःच साहेब, मग पुन्हा नव्या साहेबाच्या हाताखालचा खेळाडू. बाहेरून बघणाऱ्याला हा फेरफार वाटतो, आत राहणाऱ्याला ती कसोटी असते. काल ज्याच्या शेजारी बूट घालत बसायचा, त्याला आज सांगायचं की शनिवारी तू बेंचवर. आणि महिन्याभराने परत त्याच्या शेजारी बूट घालत बसायचं.

अशा प्रभारी काळात खेळाडू-मॅनेजरने स्वतःला संघात घ्यावं का?

माझ्या मते घेऊ नये, निदान मागच्या फळीत तरी. मैदानातून सामना वाचता येतो, पण साठाव्या मिनिटाला कोण थकलंय हे समोरच्या विंगरमागे धावताना दिसत नाही. इंग्लंडमध्ये एके काळी खेळाडू-मॅनेजर सर्रास असत, आता ते जवळपास संपले ते उगाच नाही.

कार्डांचा प्रश्न नेहमी येतो. संथ डिफेंडर म्हणजे निलंबन ठरलेलंच का?

ठरलेलं नाही, पण हिशेब ठेवावा लागतो. सध्याच्या नियमानुसार पहिल्या १९ लीग सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली तर एका सामन्याची बंदी, ३७ सामन्यांपर्यंत दहा झाली तर दोनची, आणि पंधरा झाली तर तीनची. एकोणिसावा सामना जवळ येतो तेव्हा चार कार्डांवर असलेले डिफेंडर एकदम सभ्य होतात, बघा कधीतरी.

लाल कार्डाचं म्हणाल तर २०१६ पासून एक सवलत आहे. पेनल्टी क्षेत्रात डिफेंडरने चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाउल केला, तर नक्की गोलची संधी हुकली तरी पेनल्टी आणि पिवळं कार्ड. त्याआधी थेट लाल मिळायचं. ओढलं किंवा ढकललं तर आजही लालच. ज्याचे पाय मंदावलेत त्याचा हात शर्टाकडे आपोआप जातो, तेव्हा ही सवलत त्याच्या फारशी कामाची नाही.

लीग वनमध्ये व्हीएआर असतं का?

लीगच्या सामन्यांत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासणं, नाही. लाइन्समनने झेंडा वर केला की केला. त्यामुळे ऑफसाइडसाठी हात वर करून रेफ्रीकडे बघणारा अनुभवी डिफेंडर इथे अजून अधूनमधून निर्णय मिळवतो. ही कला आहे की लबाडी, ज्याचं त्याने ठरवावं.

आणि तो शेवटचा गोल?

सगळे शेवटी इथेच येतात.

२८ एप्रिल २०१२, डीपडेल, हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. समोर चार्लटन, लीग वनचे विजेते. त्यांनी त्या वर्षी १०१ गुण केले. प्रेस्टन १-२ ने मागे. इंज्युरी टाइम, म्हणजे नव्वद मिनिटांनंतरचा भरपाईचा वेळ, सुरू. गोलपासून काही अंतरावर फ्री किक मिळते आणि चेंडूमागे उभा असतो तो चाळीस वर्षांचा माणूस, ज्याचा व्यावसायिक फुटबॉलमधला हा शेवटचा सामना आहे. मारतो. गोल. २-२.

हजारावर सामने खेळलेल्या डिफेंडरचा निरोप गोलने व्हावा, यात गंमत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे गोल अडवणाऱ्याची आठवण लोकांनी ठेवली ती त्याने केलेल्या गोलची. पण फ्री किक हे त्याचं जुनं हत्यार होतं आणि वयाबरोबर बोथट न होणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ते एक आहे: उभा चेंडू, चार-पाच पावलांचा रनअप, समोर भिंत. तिथे वेग लागत नाही.

मग हंगाम यशस्वी म्हणायचा की फसलेला?

गुणतक्ता बघितला तर फसलेला. पंधरावं स्थान सजवून सांगण्यात अर्थ नाही. प्रेस्टन वर गेला तो २०१५ मध्ये, प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात स्विंडनला ४-० ने हरवून, आणि तोवर अलेक्झांडर केव्हाच दुसरीकडे गेला होता.

पण परतलेल्या डिफेंडरकडून क्लब वर नेण्याची अपेक्षा करणं हीच गफलत आहे. एक माणूस, तोही कारकिर्दीच्या टोकाला, ४६ सामन्यांचं वळण बदलू शकत नाही. जो क्लब त्याला तारणहार म्हणून आणतो तो स्वतःची फसवणूक करतो आणि त्या खेळाडूवरही अन्याय करतो. शिकवणारा म्हणून आणलं, तर सौदा बरा.

त्याचं पुढे काय झालं?

डिसेंबर २०१२ मध्ये फ्लीटवुड टाउनचा मॅनेजर. फ्लीटवुडला त्याने २०१४ मध्ये लीग टूमधून लीग वनमध्ये नेलं, सॅलफर्ड सिटीला २०१९ मध्ये पाचव्या पायरीवरून लीग टूमध्ये. मे २०२५ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीला लीग वनमध्ये नेलं ते इंज्युरी टाइममधल्या गोलवर, आणि समोर होता फ्लीटवुड, त्याचाच जुना क्लब.

त्याच्या आधी प्रेस्टनमध्येच याचा नमुना होता. डेव्हिड मॉयस हाही डिफेंडर, सेंटर बॅक. प्रेस्टनला खेळता खेळता १९९८ मध्ये तिथलाच मॅनेजर झाला आणि चार वर्षांनी एव्हर्टनला गेला. मागच्या फळीतले खेळाडू मॅनेजर जास्त का होतात यावर बरीच मतं आहेत. मला साधं कारण पटतं: पूर्ण मैदान ज्याच्या समोर असतं तो डिफेंडर. स्ट्रायकरची पाठ निम्म्या खेळाकडे असते.

आमच्या क्लबातही असा एक जण परततोय. पहिल्या महिन्यात काय बघू?

तीन-चार गोष्टी सांगतो, क्रम लावून नाही. कॉर्नर अडवताना हाताने जागा कोण दाखवतो? गोल खाल्ल्यावर बाकीचे कोणाकडे बघतात? सामना १-० असताना पंच्याऐंशीव्या मिनिटाला थ्रो-इन घ्यायला सगळ्यात हळू कोण चालत जातं? आणि गोल किक, म्हणजे चेंडू गोलमागच्या रेषेबाहेर गेल्यावर गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक. २०१९ पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच डिफेंडरला घेता येतो, त्यामुळे सेंटर बॅक आता थेट गोलकीपरच्या शेजारी उभे राहून खेळ सुरू करतात. जुन्या वळणाच्या डिफेंडरला हे नवं असतं. तो तिथे अंग चोरून उभा असेल आणि मिळेल तो चेंडू लांब भिरकावून देत असेल, तर नव्या मॅनेजरशी त्याचं फार दिवस जमणार नाही.

बेंचवरच बसला तर?

तर कॅमेऱ्यात तो दिसणार नाही. मैदानात जाणार असाल तर त्याच्या बाजूच्या स्टँडमध्ये, खालच्या रांगेत जागा बघा. ऐकू येईल.